मोजपट्टीला मोजणारी माणसं

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या, पण इंग्रजी वाचता न येणाऱ्या रंगरुटांसमोर चित्रांची एक चाचणी ठेवली जाई. प्रत्येक चित्रात काहीतरी राहून गेलेलं असे आणि रंगरुटाने ते पेन्सिलीने पुरं करायचं. टेनिसचं मैदान आहे, मधली जाळी नाही. ग्रामोफोन आहे, कर्णा नाही. एका चित्रात घर होतं आणि घराला धुराडं नव्हतं. सिसिलीहून आलेल्या एका रंगरुटाने त्या घरावर क्रूस काढला, कारण त्याच्या मुलखात घरावर क्रूसच असे. उत्तर चूक धरलं गेलं. ज्यांना वाचता येत होतं त्यांची चाचणी वेगळी होती. ‘क्रिस्को’ म्हणजे काय, औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाण्याची वस्तू, असा प्रश्न तिच्यात होता. क्रिस्को म्हणजे तिकडचा डालडा. तो डबा ज्याच्या स्वयंपाकघरात कधी आलाच नाही, त्याची बुद्धी तेवढी कमी! अशा चाचण्या सुमारे १७ लाख जवानांना दिल्या गेल्या. त्यांच्या आकड्यांवरून प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ साली एक पुस्तक लिहिलं आणि दक्षिण व पूर्व युरोपातून येणारे लोक आणि कृष्णवर्णीय अमेरिकन हे जन्मतःच कमी बुद्धीचे, असा निकाल दिला. पुढच्याच वर्षी स्थलांतराला लगाम घालणारा कायदा झाला. त्या कायद्यात या आकड्यांचा वाटा किती आणि आधीपासूनच्या वंशद्वेषाचा किती, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. द्वेषाला विज्ञानाचा शिक्का मिळाला, एवढं मात्र नक्की.

मुळात बुद्धीची चाचणी असल्या कामासाठी जन्मलीच नव्हती. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि तेओडोर सिमाँ यांनी ती बनवली, ती शाळेत मागे पडणारी मुलं हुडकून त्यांना जादा मदत देता यावी म्हणून. चाचणीत आलेला आकडा जन्मभर तसाच राहतो, असं बिने मानत नव्हते. अटलांटिक ओलांडला आणि हेतू पालटला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे लुइस टर्मन यांनी १९१६ मध्ये काढलेली आवृत्ती पुढे जगभर पसरली. कोणत्या वयाला किती उत्तरं आली म्हणजे मूल ‘सर्वसाधारण’, हे तिच्यासाठी सुमारे एक हजार मुलांवरून ठरवलं होतं. ती मुलं बहुतेक कॅलिफोर्नियातली, अमेरिकेतच जन्मलेली आणि गोरी होती. मेक्सिकन, मूळ अमेरिकी आणि कृष्णवर्णीय मुलांमध्ये दिसणारा मंदपणा वांशिकच असावा, असं मात्र टर्मन यांनी त्याच पुस्तकात लिहून ठेवलं. शिंप्याने एका गिऱ्हाइकाच्या मापाने सदरा शिवावा आणि तो दुसऱ्याला होईना, तर ‘तुमचंच अंग चुकलं’ म्हणावं, तसा हा प्रकार.

या प्रकाराशी झगडलेल्या मानसशास्त्रज्ञांची आठवण अलीकडे काढली जाते खरी, पण ती बहुधा ‘पहिला’ आणि ‘पहिली’ या शब्दांत. फ्रान्सिस सम्नर हे मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन, साल १९२०. मार्था बर्नाल या मेक्सिकन वंशाच्या पहिल्या अमेरिकी महिला, साल १९६२. सत्काराआधी पाहुण्यांचा परिचय करून देतात, तशी ही आठवण असते. त्यात आदर असतो, पण एक चूकही गृहीत धरलेली असते: शास्त्राची इमारत भक्कमच होती, फक्त दारं बंद होती, आणि या लोकांनी ती उघडली. इमारतीचा पायाच तिरका आहे हे त्यांनी दाखवून दिलं, हा भाग त्यातून गळून जातो. ‘या मुलात काय कमी आहे?’ असा प्रश्न शास्त्र विचारत होतं. यांनी ‘या प्रश्नपत्रिकेत काय कमी आहे?’ असं विचारलं. मोजणाऱ्याने आधी आपली पट्टी तपासावी, हा कुठल्याही मापनाचा पहिला नियम आहे. त्यामुळे या माणसांना अल्पसंख्याकांचे कैवारी म्हणून वेगळ्या प्रकरणात बसवण्यापेक्षा, मानसशास्त्राची मापं दुरुस्त करणारे म्हणून मुख्य ग्रंथात जागा द्यायला हवी, असं मला वाटतं.

पुरावा पाहू. ब्रिगहॅम यांच्या पुस्तकाला वर्ष उलटतं न उलटतं तोच होरेस मान बाँड या कृष्णवर्णीय तरुणाने, वयाची विशीही न गाठता, सैन्याचेच तक्ते उघडून बसायचं ठरवलं. त्याने १९२४ साली लिहिलेल्या लेखांत दाखवलं, की उत्तरेतल्या इलिनॉय राज्याच्या कृष्णवर्णीय जवानांचे गुण दक्षिणेतल्या आर्कान्सा, मिसिसिपीसारख्या राज्यांतल्या गोऱ्या जवानांपेक्षा वर होते. ज्या राज्यात शाळा चांगल्या, त्या राज्यात गुण जास्त. म्हणजे चाचणी मोजत होती ती बव्हंशी शाळा. आकडे तेच, तक्ते तेच, फक्त वाचणारा बदलला होता. ब्रिगहॅम यांना हे मान्य करायला १९३० साल उजाडलं. तोवरच्या चाचण्यांवरून निरनिराळ्या लोकसमूहांची तुलना करता येत नाही आणि आपला अभ्यास निराधार होता, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं. या प्रामाणिकपणाचं कौतुक करावं, पण विशीच्या आतल्या पोराला जे दिसलं ते प्राध्यापकांना सहा वर्षं उशिरा दिसलं, हेही नोंदवून ठेवावं.

जॉर्ज सांचेझ यांचं काम याहून बारकाईचं. १९०६ साली न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीत त्यांचा जन्म झाला. घरची भाषा स्पॅनिश. सोळाव्या वर्षीच ते खेड्यातल्या शाळेत मास्तर झाले. त्यांच्यासमोर बसणारी मुलं शाळेत पाऊल टाकेपर्यंत इंग्रजीचा शब्द ऐकत नसत, आणि त्यांची बुद्धी मोजली जाई ती इंग्रजी शब्दसंग्रहाच्या चाचणीने. सांचेझ यांनी स्पॅनिशभाषक मुलांना चाचणी दिली, मध्ये इंग्रजी शिकवलं आणि पुन्हा तीच चाचणी दिली, असं अनेकदा केलं. गुण चढत गेले. जन्मजात आणि कायम म्हणवली जाणारी गोष्ट वर्ष-दोन वर्षांच्या शिकवणीने वाढत असेल, तर ती जन्मजात होती तरी कुठे? १९३४ मध्ये द्विभाषिक मुलांच्या मापनाबद्दल इशारा देणारा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यातला युक्तिवाद साधा आणि आजही पक्का आहे: दोन मुलांची तुलना चाचणीने तेव्हाच करता येते, जेव्हा चाचणीत विचारलेल्या गोष्टी भेटण्याची संधी दोघांनाही सारखी मिळालेली असते. चाचण्या फेकून द्या, असं सांचेझ म्हणत नव्हते. चाचणीचा आकडा हातात आल्यावर शाळेने ‘आता या मुलाला काय शिकवायला हवं’ असं विचारायचं, की ‘याला शिकवून उपयोग नाही’ म्हणून हात झटकायचे, एवढाच त्यांचा मुद्दा होता. बिने यांच्या मूळ हेतूकडे परत या, असंच ते सांगत होते म्हणा ना.

तो इशारा कोणी किती ऐकला? १९७० साली कॅलिफोर्नियात ‘डायना’ या नावाने ओळखला जाणारा खटला उभा राहिला. मेक्सिकन वंशाच्या नऊ मुलांना इंग्रजी चाचणीच्या जोरावर मंदबुद्धी ठरवून वेगळ्या वर्गात बसवलं होतं. स्पॅनिश जाणणाऱ्या माणसाने पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा गुण सरासरी १५ने वाढले आणि बहुतेक मुलं त्या वर्गाच्या मर्यादेबाहेर गेली. पंधरा गुण हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. त्या सीमारेषेच्या एका बाजूला बीजगणित असतं आणि दुसऱ्या बाजूला मणी ओवणं. मुलांची चाचणी त्यांच्या घरच्या भाषेतही घ्यावी, असं त्या खटल्याच्या तडजोडीत ठरलं. सांचेझ यांच्या लेखाला तेव्हा छत्तीस वर्षं झाली होती.

मार्था बर्नाल मेक्सिकोच्या सीमेलगत, टेक्ससमधल्या एल पासो शहरात वाढल्या. शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे, आणि बर्नाल त्याच शाळांतून आलेल्या. इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन बाहेर पडल्यावर त्यांना ‘आम्ही बायकांना घेत नाही’ अशी उत्तरं मिळाली. हा भाग नेहमी सांगितला जातो, आणि सांगावाही. पण त्यांचं टिकाऊ काम दुसरंच आहे. १९८२ मध्ये त्यांनी आमादो पादिया यांच्यासोबत एक पाहणी प्रसिद्ध केली. पुढे रुग्ण तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना विद्यापीठं कोणत्या अभ्यासक्रमातून तयार करतात, अल्पसंख्य समाजांबद्दल त्यांना काय शिकवलं जातं, शिकवणाऱ्यांत त्या समाजांतले किती, असे रूक्ष प्रश्न त्यात होते. उत्तरं होती ‘फारच थोडं’ आणि ‘फारच थोडे’. वर्षानुवर्षं ज्यांच्यावर तराजू रोखला होता त्यांच्यातल्या एका बाईने तो फिरवून मोजणाऱ्यांवरच रोखला, म्हणून मला ही पाहणी त्यांच्या साऱ्या मानसन्मानांपेक्षा मोलाची वाटते. नंतर ॲरिझोना राज्य विद्यापीठात त्यांनी अभ्यासलं, की मेक्सिकन घरातल्या लहान मुलाला ‘आपण कोण’ हे कधी आणि कसं उमगत जातं. त्या अभ्यासात मूल उणं की अधिक, हा प्रश्नच नव्हता.

आता सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण, आणि माझ्या मते सगळ्यात चुकीच्या कारणासाठी प्रसिद्ध झालेलं. मेमी फिप्स क्लार्क आणि केनेथ क्लार्क हे पतिपत्नी, दोघंही हॉवर्ड विद्यापीठात, सम्नर प्रमुख असलेल्या मानसशास्त्र विभागात शिकलेले. त्यांनी तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांसमोर चार बाहुल्या ठेवल्या. चारही एकाच साच्यातल्या, अंगावर फक्त लंगोट. दोन तपकिरी, काळ्या केसांच्या आणि दोन गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. खेळायला कोणती आवडेल ती दे, चांगली कोणती ती दे, वाईट दिसते ती दे, अशी मागणी होई आणि शेवटी ‘तुझ्यासारखी दिसते ती दे’. खेळण्यासाठी ६७ टक्के मुलांनी गोरी बाहुली उचलली. ५९ टक्के मुलांनी वाईट दिसणारी म्हणून तपकिरी बाहुली पुढे केली. मघाशी ज्या बाहुलीला वाईट म्हटलं तिलाच शेवटच्या प्रश्नावर ‘माझ्यासारखी’ म्हणायची पाळी आल्यावर काही मुलं रडत उठून गेली. मुलांच्या स्वतःविषयीच्या जाणिवेचा हा विषय मुळात मेमी यांच्या एम.ए.च्या प्रबंधातला. १७ मे १९५४ रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्या निकालाच्या अकराव्या तळटीपेत नाव आलं ते केनेथ यांचं.

या प्रयोगावर घेतलेले आक्षेप किरकोळ नाहीत. मॅसॅच्युसेट्समधल्या मिश्र शाळांतली मुलं आर्कान्सातल्या वेगळ्या शाळांतल्या मुलांपेक्षा गोऱ्या बाहुलीकडे थोडी जास्तच झुकली होती. मग नुकसान वेगळ्या शाळांमुळे झालं, असं कसं म्हणायचं? दक्षिणेतल्या मुलांनी आपलं कमीपण जणू स्वीकारून टाकलं आहे आणि उत्तरेतल्यांना ते बोचतं आहे, असं क्लार्क यांनी उत्तर दिलं. हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही; आकडे उलट आले असते तरी तेच अनुमान काढता आलं असतं. शाळांचा परिणाम आणि भोवतालच्या सगळ्या समाजाचा परिणाम यांची फारकत हा प्रयोग करू शकत नव्हता, हे मान्य करून टाकलेलं बरं. पण गंमत अशी, की यातली एक सर्वांत धारदार टीका कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञाकडूनच आली. विल्यम क्रॉस यांनी १९९१ मधल्या आपल्या पुस्तकात दाखवलं, की मुलाने कोणती बाहुली उचलली यावरून ते स्वतःचा द्वेष करतं असं ठरत नाही; आपल्या गटाकडे पाहण्याची दृष्टी आणि स्वतःविषयीची भावना या दोन वेगळ्या वस्तू आहेत. म्हणजे ही परंपरा स्वतःच्या पट्टीलाही सूट देत नाही. आपल्याच माणसाचं माप चुकलं तर ते चुकलं म्हणणारी शिस्त जिथे आहे, तिला नुसती चळवळ म्हणून बाजूला सारता येत नाही.

आणि मेमी यांचं खरं काम बाहुल्यांपलीकडे आहे. कोलंबिया विद्यापीठात त्यांचे मार्गदर्शक होते हेन्री गॅरेट. वेगळ्या शाळांच्या बाजूने हेच गृहस्थ पुढे व्हर्जिनियातल्या खटल्यात साक्ष द्यायला उभे राहिले. डॉक्टरेट घेऊनही मेमी यांना साजेसं काम मिळेना. १९४६ साली त्यांच्या वडिलांकडून ९४६ डॉलर उसने घेऊन पतिपत्नींनी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये नॉर्थसाइड हे बालविकास केंद्र काढलं. शाळांनी मंदबुद्धीच्या वर्गात टाकलेल्या मुलांना घेऊन आया तिथे येत. मेमी मुलांना पुन्हा तपासत, आणि त्या वर्गाशी काही संबंध नसलेली मुलं एकामागून एक निघत. तळटीपेपेक्षा या केंद्राची आठवण ठेवणं मला जास्त न्यायाचं वाटतं.

इथे एक व्यवहारी आक्षेप उभा राहतो. ताप आला म्हणून कोणी थर्मामीटर फोडत नाही. गरीब घरातलं मूल वाचनात मागे पडत असेल आणि चाचणीने ते लक्षात येत असेल, तर चाचणीवर बंदी घालून भलं कोणाचं होणार? आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचा दाखलाही कॅलिफोर्नियातलाच. तिथे शाळांत कृष्णवर्णीय मुलं सुमारे १० टक्के, पण मंदबुद्धीच्या वर्गांत सुमारे २५ टक्के होती. १९७९ मध्ये न्यायालयाने या मुलांना त्या वर्गांत घालण्यासाठी बुद्ध्यंक चाचणी वापरायला मनाई केली. १९८६ मध्ये ही मनाई सरसकट केली गेली. मग कृष्णवर्णीय पालकच न्यायालयात गेले: आमच्या मुलाला अध्ययन-अक्षमता आहे का हे पाहायचं आहे, गोऱ्या मुलाला जी चाचणी मिळते ती आमच्या मुलाला का नाही? १९९२ मध्ये न्यायालयाने ती सरसकट बंदी उठवली. म्हणून मी सांचेझ यांच्या बाजूचा आहे, बंदीवाल्यांच्या नाही. पण थर्मामीटरची उपमा पुरी पडत नाही, हेही खरं. पाऱ्याला ताप आलेल्या माणसाची मातृभाषा कळावी लागत नाही. बुद्धीच्या चाचणीला लागते. रॉबर्ट विल्यम्स यांना पंधराव्या वर्षी ८२ बुद्ध्यंक सांगून गवंडीकाम शिकायचा सल्ला मिळाला होता. पुढे तेच मानसशास्त्राचे डॉक्टर झाले. १९७२ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या बोलीवर आधारलेली एक चाचणी बनवली. तीत गोरी मुलं मागे पडली. त्या चाचणीने कोणाची बुद्धी मोजली जाते, असं मी म्हणणार नाही. तो आरसा होता, आणि आरसा म्हणून तो चोख होता.

राहिला तात्त्विक आक्षेप: विज्ञानाला जात नसते, रंग नसतो, सत्य कोणी सांगितलं याने काय फरक पडतो? सत्य सांगितल्यावर फरक पडत नाही, हे कबूल. ब्रिगहॅम गोरेच होते आणि त्यांनी चूक कबूल केली. प्रश्न आहे तो चूक आधी कोणाच्या डोळ्याला खुपते याचा. जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्याला कळतं. चांभाराला कळतं ते सांगितल्यावर. आणि मानसशास्त्राच्या चांभारांनी बरीच वर्षं एकाच पायाचं माप घेतलं. २०१० मध्ये जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे: प्रमुख नियतकालिकांतल्या अभ्यासांतली ९६ टक्के माणसं पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली होती आणि त्या देशांत जगाची जेमतेम १२ टक्के वस्ती आहे. एक साधं उदाहरण घ्या: दोन सारख्या रेघा, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण आणि दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले, दुसरी लांब दिसते. हा डोळ्याचाच धर्म, असं पाठ्यपुस्तकं धरून चालली होती. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांच्या अभ्यासात कलहारीच्या सान लोकांना हा भास जवळपास झालाच नाही. अशा तुलनांनी माणसामाणसांत भिंती उभ्या राहतील, ही भीती म्हणून उलटी आहे. माणूस सगळीकडे सारखाच, हे विधान करायचं तर आधी सगळीकडे जाऊन पाहावं लागतं.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल, तर टर्मन यांच्या आवृत्तीचा एक फाटा आपल्या अंगणात पोचला आहे. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्डची चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बेतून घेतली आणि १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावर पुस्तक प्रसिद्ध केलं. बिने-कामत नावाने ती चाचणी बौद्धिक अक्षमतेच्या तपासणीत आजही वापरात आहे. कामतांनी केलं ते सांचेझ यांना पटणारंच काम होतं, मूल ज्या भाषेत विचार करतं त्या भाषेत त्याला विचारणं. पण मराठी ही महाराष्ट्रातल्या सगळ्या मुलांची घरची भाषा नाही. मेळघाटातली कोरकू ही मुंडा कुळातली, गडचिरोलीतली गोंडी द्राविडी कुळातली. या घरांतलं पाच-सहा वर्षांचं मूल तपासणाऱ्यासमोर बसतं, तेव्हा मराठी त्याच्यासाठी तीच असते जी न्यू मेक्सिकोतल्या पोरासाठी इंग्रजी होती. प्रश्न विचारला जातो, मूल गप्प राहतं. त्याला उत्तर येत नव्हतं की प्रश्नच कळला नव्हता, हे त्या खोलीत कोणाला तरी कोरकू येत असल्याशिवाय सांगता येत नाही, आणि कागदावर दोन्ही गप्पांसाठी रकाना एकच असतो.